मोरिता-सानची माफी

घंटा वाजलीच नाही.

नंदिनीने पुन्हा मनगट झटकलं. हातातल्या दोन्ही घंटा हलल्या, पण आवाज आला नाही. शेजारणीची घंटा वाजली, पलीकडचीही वाजली. प्रत्येक घंटेचा एकच सूर, त्यामुळे नंदिनीच्या वाट्याच्या दोन सुरांच्या जागी मात्र नुसती पोकळी राहिली. समोर योकोहामाचं ते मोठं चर्च माणसांनी भरलं होतं. आसपासच्या शहरांतल्या चर्चमधली घंटावादक मंडळं नोव्हेंबरच्या मेळाव्यात इथे एकमेकांसमोर वाजवत. धून संपेपर्यंत नंदिनी त्या मुक्या घंटा हलवत राहिली, तेही हसऱ्या चेहऱ्याने. मध्येच थांबणं आणखी वाईट दिसलं असतं.

मागच्या खोलीत येऊन तिने घंटा उलटी केली. आतल्या लोलकाभोवती फेल्टच्या जाड, मऊ कापडाची पट्टी घट्ट बांधलेली होती. दुसऱ्या घंटेतही तेच.

नंदिनी ख्रिश्चन नव्हती, आणि तसं तिला कुणी विचारलंही नव्हतं. नवऱ्याचं, शिरीषचं, पोस्टिंग इथे झालं आणि तो ऑफिसात बुडून गेला. तिला दिवसभर बोलायला कोणी नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या मोरिता-साननी एकदा लिफ्टमध्ये विचारलं, "घंटा वाजवायला येता का?" ती गेली, आणि तेरा वर्षांच्या लेकीला, जुईलाही घेऊन गेली. मोरिता-सान मंडळाच्या प्रमुख होत्या, आणि अशा सगळ्या मंडळांच्या संघाच्या अध्यक्षही. मे महिन्यातलं प्रशिक्षण, उन्हाळ्यातलं शिबिर, हा मेळावा, डिसेंबरात वृद्धाश्रमांतलं वादन, सगळं वर्ष त्यांनीच उभं केलेलं. शिकवताना मात्र त्या कुणाची गय करत नसत. "नंदिनी-सान, उशीर झाला. पुन्हा." हे नंदिनीने सगळ्यांसमोर कितीदा तरी ऐकलं होतं. आणि मंचावर जाण्याआधी प्रत्येक घंटेवर शेवटचा हात फिरायचा तो मोरिता-सानचाच.

मेळाव्यानंतर चहापान होतं. नंदिनी पट्ट्या हातात घेऊन सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"हे तुम्ही केलंत," ती तिच्या मोडक्या जपानीत म्हणाली, पण खोलीभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "मी परदेशी आहे म्हणून. मला नको म्हणायचं होतं तर तोंडावर म्हणायचं."

कपबशांचा आवाज थांबला. मोरिता-साननी त्या पट्ट्या पाहिल्या. मग कमरेत वाकून त्या बराच वेळ तशाच राहिल्या.

"घंटा तपासणं माझं काम होतं. चूक माझी. माफ करा."

"चूक माझी" एवढंच त्या म्हणाल्या. "मी केलं नाही" असं म्हणाल्या नाहीत. लोकांना तेवढं पुरलं.

डिसेंबरात वृद्धाश्रमांत मंडळ त्यांच्याशिवाय गेलं. "मोरिता-सान कुठे आहेत?" असं व्हीलचेअरवरच्या एका म्हाताऱ्याने विचारलं, तेव्हा सगळ्यांनी जमिनीकडे पाहिलं. इमारतीत नंदिनी लिफ्टमध्ये असली की मोरिता-सान जिन्याने जाऊ लागल्या. नंदिनीला ते बरंच वाटलं.

फेब्रुवारीत संघाची वार्षिक सभा झाली. मोरिता-साननी राजीनामा दिला. एरवी अशा वेळी आग्रह करून थांबवायची पद्धत होती, पण कुणी आग्रह केला नाही. निरोपाचा पुष्पगुच्छही नव्हता. नवे अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, की झाल्या प्रकाराची संघाला लाज वाटते आणि यापुढे समितीत एक परदेशी सभासद असेल. नंदिनीचं नाव पुकारलं गेलं. टाळ्या वाजल्या. मागच्या खुर्चीवर बसलेल्या मोरिता-साननीही टाळ्या वाजवल्या.

परतताना स्टेशनवर नंदिनीची मान ताठ होती.

"बघितलंस ना?" ती जुईला म्हणाली. "गप्प बसलं की लोक पायाखाली तुडवतात. मी बोलले म्हणून न्याय मिळाला."

जुईची नजर दुसरीकडेच होती. प्लॅटफॉर्मच्या पार दुसऱ्या टोकाला मोरिता-सान एकट्या उभ्या होत्या. ह्याच गाडीने त्यांनाही घरी जायचं होतं. या दोघींना अवघड वाटू नये म्हणून त्या पाठ करून उभ्या होत्या.

"आई," जुई म्हणाली, "त्या पट्ट्या मी बांधल्या होत्या."

नंदिनीला आधी कळलंच नाही.

"त्यांनी तपासून झाल्यावर बांधल्या. तू दर वेळी उशिरा वाजवतेस. माझ्या वर्गातल्या मुली ऐकायला आल्या होत्या. शिबिरातही मुली तुझी नक्कल करायच्या. मला वाटलं, तुझी घंटा वाजलीच नाही तर कुणी हसणार नाही." तिचा आवाज चिरकला. "तू इतकी ओरडशील असं मला वाटलं नव्हतं."

नंदिनीला प्लॅटफॉर्मवरची गर्दी एकदम फार जवळ आल्यासारखी वाटली.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"मोरिता-सानना. त्याच दिवशी, तू ओरडल्यावर, मी त्यांना रडत सांगितलं. म्हटलं, आत्ता सगळ्यांसमोर सांगते. त्यांनी सांगू दिलं नाही. म्हणाल्या, इथे आईला तुझ्याशिवाय कुणी नाही. तूही तिच्या विरुद्ध गेलीस हे तिला कळलं, तर तिने कुणाकडे बघायचं?"

लांबून गाडीचे दिवे दिसले. जुईने आईचा हात ओढला.

"आई, चल ना. त्या तिथेच आहेत. आपण दोघी जाऊन माफी मागू. मग अध्यक्षांना फोन करू."

नंदिनीने मोरिता-सानच्या पाठीकडे पाहिलं. ती पाठ म्हाताऱ्या बाईची होती, हे तिच्या पहिल्यांदाच लक्षात आलं. मग तिने जुईचं मनगट पकडलं, इतकं घट्ट की पोर कळवळली.

"त्यांनी कुणाला सांगितलं नाही ना?" ती म्हणाली. "मग आता तूही सांगायचं नाहीस."