चार कोपरे

मिस्त्रींनी प्लग काढला, वायरच्या टोपीत बसवला आणि रबरी मुठीच्या पकडीने नावेच्या इंजिनाच्या अंगाला टेकवून धरला.

"ओढ."

नावाड्याच्या सुनेने दोरी ओढली. वरचं चाक गरगर फिरलं. तिघंही प्लगच्या टोकाकडे बघत राहिले. ठिणगी पडली नाही.

"पुन्हा."

पुन्हा नाही. नवा प्लग लावून पाहिला, बंद करायच्या बटणाची वायर सोडवून पाहिली. इंजिन गप्पच.

"पाणीच गेलंय," स्टुलावर बसलेला नावाडी म्हणाला. "तुम्ही त्या दिवशी न बघता ओळखलंत, मिस्त्री. आता नाव माझ्या धाकट्या भावाकडे द्यायची ठरवलीय. हिने घर बघावं."

 सुनेने दोरी गुंडाळून पुन्हा चाकाच्या खाचेत बसवली.

त्या दिवशी ती अकरा उतारू घेऊन पलीकडे निघाली होती आणि नदीच्या मधोमध इंजिन बंद पडलं. नाव वाहत पुलाच्या खांबाला जाऊन टेकली. नावाड्याचा फोन आला तेव्हा मिस्त्री जेवत होते. "सुनेने आत पाणी घातलं असेल, दुसरं काय," असं म्हणून त्यांनी पुढचा घास घेतला होता. वास्तविक तिला हे इंजिन शिकवलं होतं ते त्यांनीच, आणि इतक्या वर्षांत तिच्यासारखा हात त्यांनी दुसरा पाहिला नव्हता.

त्यांनी पुलर लावून चाक उपटलं. त्याखाली पॉइंट असतात, दोन बारीक टिकल्या. चाक फिरलं की त्या मिटतात आणि उघडतात. मिटल्याच नाहीत तर ठिणगी पडत नाही. मिस्त्रींनी बॅटरीचा उजेड आत टाकला.

टिकल्यांच्या मधे कागद अडकला होता.

नखाएवढा तुकडा, तेलाने पिवळा पडलेला. त्यावर लाल आकड्याचं अर्धं पोट. मिस्त्रींना चष्मा लावायची गरज पडली नाही. समोरच्या भिंतीवर त्यांचं कॅलेंडर टांगलेलं होतं, खालून दातरं. पॉइंट पुसायला ते त्याच्याच पट्ट्या फाडत. जाड कागद, धागे सोडत नाही. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा पहिला धडा हाच असे: पट्टी बाहेर आली की तिचे चार कोपरे मोजायचे, मगच झाकण लावायचं.

दीड महिन्यापूर्वी या इंजिनाचे पॉइंट त्यांनी स्वतः पुसले होते. कुणीतरी दारात गप्पा मारत उभं होतं. पट्टी त्यांनी ओढली आणि न बघताच टाकून दिली. तुटलेला कोपरा इतके दिवस आत कुठेतरी पडून राहिला असणार आणि नेमका भर नदीत टिकल्यांमधे घसरला असणार.

सून त्यांच्या मागे उभी होती, नावाडी स्टुलावर. मधे मिस्त्रींची पाठ होती. त्यांनी चिमट्याने तुकडा काढला आणि मुठीत घेतला.

"काय निघालं?" नावाड्याने विचारलं.

"ओल," मिस्त्री म्हणाले. शब्द विचार करायच्या आधीच बाहेर पडला.

"बघ," नावाडी सुनेला म्हणाला. आवाजात रागसुद्धा नव्हता.

सून आपल्या हातांकडे बघत राहिली, जणू त्यांचंच काही चुकलं असावं. "मी बुडू दिलं नव्हतं हो," ती हळूच म्हणाली. कुणाला, ते कळलं नाही.

मिस्त्रींनी डाव्या हाताने कॅलेंडरची नवी पट्टी फाडली. पॉइंटमधून दोनदा फिरवली, बाहेर ओढली आणि टोपलीकडे भिरकावली. ती टोपलीबाहेर पडली. सुनेने वाकून उचलली, तळहातावर सरळ केली आणि अंगठ्याने एकेक कोपरा चाचपला.

"चारही आहेत, काका," ती म्हणाली.

टोमणा नव्हता तो. तिला शिकवलेलं ती करत होती, इतकंच.

मिस्त्री बाकावर बसले. बराच वेळ त्यांची मूठ गुडघ्यावर होती. मग त्यांनी ती सुनेसमोर उघडली.

"हा मागच्या वेळचा," ते म्हणाले.

नावाडी उठून जवळ आला. त्याने तुकडा पाहिला, लाल आकडा पाहिला, मग मान वर करून भिंतीकडे पाहिलं.

"म्हणजे पाणी..."

"पाणी नव्हतं. मी होतो. फोनवर होतो तोही मीच, आणि आत्ता ओल म्हणालो तोही मीच."

नावाड्याने खिशातून फोन काढला, बघितला, परत ठेवला. "धाकट्याला काय सांगू आता?" तो पुटपुटला. सुनेकडे बघणं त्याला जमलं नाही.

"मला लावून द्या. मी सांगतो," मिस्त्री म्हणाले.

चाक परत बसलं. सुनेने दोरी गुंडाळली. मिस्त्रींनी प्लग उचलला आणि उघड्या बोटांनी धातूला टेकवला.

"काका, पकड घ्या. झटका बसेल."

"राहू दे. ओढ."

तिने ओढली. निळी ठिणगी ताडकन उडाली. मिस्त्रींचा हात खांद्यापर्यंत हादरला. प्लग त्यांनी सोडला नाही.

"पुन्हा," ते म्हणाले.