लेबलावरचा पत्ता

मुलगा स्टुलावर चढून दाराशेजारच्या भिंतीवर कंपनीची पाटी लावत होता आणि आई खाली स्टूल धरून उभी होती. ड्रिलचा पांढरा चुरा तिच्या केसांत पडत होता.

"सरळ आहे का गं?"

"डावीकडून जरा खाली गेलीय."

पाटी अगदी सरळ होती. पण सरळ म्हटलं की तो खाली उतरणार.

तो आला होता एक वर्ष सात महिन्यांनी, तेही गाडीच्या टपावर टेबल बांधून. चेहऱ्याला लावायच्या क्रीमचा त्याचा धंदा. सुरुवातीला ऑफिस नव्हतं, म्हणून डबीच्या लेबलावर त्यानं आईच्या घराचा पत्ता छापला. पुढे दुसऱ्या शहरात चांगलं ऑफिस थाटलं, पण लेबलं लाखभर छापून घेतलेली. ती संपली तरी त्याच मजकुराची नवी छापली गेली. पत्ता बदलायचं राहूनच गेलं. आणि नियम असा, की लेबलावर जो पत्ता असेल तिथेच जबाबदार माणूस भेटला पाहिजे. आज सकाळी अकराला तपासणी होती. बनवाबनवी पकडली गेली तर परवाना जाणार होता.

दुकानादुकानांत आईचा पत्ता मांडलेला होता आणि तिच्या दारावरची बेल वाजवत होता तो फक्त विजेचं मीटर बघायला येणारा माणूस.

"आई, नीट ऐक. विचारलं तर सांगायचं, मी रोज इथे असतो. नऊ ते सहा. बस्स. पाल्हाळ लावायचं नाही."

"आणि दुपारचं जेवण?"

"ते कोण विचारणार आहे!"

पुढच्या खोलीतला पलंग आत सरकवला होता. त्या जागी टेबल, टेबलावर फायली, फायलींवर पेपरवेट. आईनं आपण होऊन पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मुलानं तो उचलून आत ठेवला.

अकराच्या ठोक्याला अधिकारी बाई आल्या. पन्नाशीच्या असतील, चष्मा गळ्यात अडकवलेला. पर्समधून त्यांनी क्रीमची डबी काढली, चष्मा चढवला आणि लेबल वाचायला लागल्या. घटकांची यादी, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख. बारीक अक्षरांवरून त्यांचं बोट फिरत फिरत पत्त्यावर येऊन थांबलं.

"काम इथूनच चालतं?"

"हो मॅडम. सगळं इथूनच."

"तुम्ही स्वतः रोज असता?"

"रोज."

बाईंनी मान वळवली. "मावशी, हे रोज असतात इथे?"

"असतो तर!" आई म्हणाली. "बरोबर नऊला येतो. चपला दारातच फेकतो, शंभरदा सांगितलं तरी. आल्या आल्या चहा लागतो. मग फोन. सारखे फोन. मी म्हणते, अरे, कान दुखतील. पण ऐकेल तर शपथ. एक वाजता जेवतो माझ्याबरोबर. भाजीत मीठ कमी पडलं की तोंड वाकडं. पण ताटात काही टाकत नाही हो."

मुलगा खाकरला. आईला ते ऐकू आलं नाही.

"जेवल्यावर त्या खुर्चीत दहा मिनिटं डोळा लागतो त्याचा. मी हाक मारत नाही. तेवढी दहा मिनिटं भांडीसुद्धा घासत नाही, आवाज होतो म्हणून. संध्याकाळी निघताना म्हणतो, आई, दार लावून घे. कडी लागल्याचा आवाज ऐकल्याशिवाय पायरी उतरत नाही."

बोलता बोलता आईला ते सगळं खरं वाटायला लागलं होतं आणि फार बरं वाटत होतं. मुलगा आता फायलीत बघत होता. फाईल उलटी होती.

बाईंनी कागदावर एवढंच लिहिलं, नऊ ते सहा. शिक्का मारला, सही केली आणि त्या उठल्या.

त्यांची पाठ वळताच मुलानं आईचे दोन्ही खांदे धरले. "आई, कमाल केलीस! घाम फुटला होता मला. किती बेमालूम बोललीस गं!"

"जेवून जातोस ना?"

"अगं नाही, टेबल भाड्याचं आहे. दोनच्या आत परत द्यायचंय." आणि तो फायली गोळा करायला लागलासुद्धा.

आई बाहेर आली. अधिकारी बाई फाटकापाशी गाडीची वाट बघत उभ्या होत्या. त्यांनी आईकडे पाहिलं आणि हात पुढे करून तिच्या केसांतला चुरा हलकेच झटकला. पाटीबद्दल काही विचारलं नाही.

"आता पुन्हा कधी याल?" आईनं विचारलं.

"आता काय, तीन वर्षांनी. काळजी करू नका."

"तीन?"

"हो. मधे कुणाची तक्रार आली तर मात्र आठ दिवसांत यावं लागतं आम्हाला. आणि मालकानंही इथे हजर राहायचं, तपास संपेपर्यंत. मग महिना लागो नाहीतर दोन."

आईनं मागे वळून पाहिलं. मुलगा टेबल आडवं करून दारातून बाहेर काढत होता.

"तक्रार कुणी करायची असते?"

"कुणीही. क्रीम लावलं आणि खाज सुटली, पुरळ उठलं, तर एक साधं पत्र टाकायचं."

आईनं सावकाश आपल्या गालावरून हात फिरवला.

"मी लावते की रोज," ती म्हणाली.