खुत्ब्यातलं नाव

"अहो, जेवून घ्या की आता!" शक्रा म्हणाली.

तनमने मसुराच्या आमटीत बोट बुडवलं. गारढोण! चाखणाऱ्याने आधी खायचं, त्याला काही होत नाही ना हे बघत सगळ्यांनी ताटकळायचं, मग ताट पुढे यायचं. कैरोच्या किल्ल्यात जीव सांभाळून राहायचं तर दुसरा इलाजही नव्हता. त्याने ताट सरकवलं.

आज शुक्रवार. खाली मशिदीत खतीब खुत्ब्यात, म्हणजे नमाजाआधीच्या प्रवचनात, ज्याचं नाव घेईल, तो सुलतान. तनम की कुर्तबाय, यावरून अमिरांमध्ये दोन तट पडले होते. हरेल त्याच्या केसालाही धक्का लावायचा नाही, त्याला समुद्रकाठच्या दमियात शहरी धाडायचं, अशी शपथ मात्र सगळ्यांनी मिळून कुराणावर घेतली होती. निकाल लागेपर्यंत तनमने बाहेर पडायचं नाही, असंही बजावलं होतं.

बिचाऱ्याचा जीव नुसता टांगणीला लागला होता. जुना सुलतान गेल्यापासून शिक्क्याची अंगठी त्याच्याच बोटात होती; ती फिरवत तो येरझाऱ्या घालत होता. अंगठी भारीच सैल. शक्राने आतून दोरा गुंडाळून दिला होता.

"बसा की सुलतानसाहेब, फरशी झिजेल."

"आजच्या दिवशी तसं म्हणू नकोस बाई! दृष्ट लागेल."

"सय्यिदा नफीसाच्या दर्ग्याला नवस बोललायत ना? मग कसली दृष्ट लागतेय?"

"खतीब म्हातारा झालाय गं. ऐन वेळी त्याच्या तोंडून भलतंच नाव निघालं तर?"

"तर त्याची दाढी मी उपटते."

तनमला हसू आलं, पण ते ओठांवरच राहिलं. खालून नगारे वाजायला लागले होते.

इतक्यात शक्राचा भाऊ शाहीन धापा टाकत जिना चढून आला. मशिदीत पहिल्या रांगेत बसायला त्यालाच पाठवलं होतं.

"बोल ना मेल्या!" शक्रा ओरडली.

"म्हातारा अडखळला गं. 'त' म्हणाला आणि थांबला. माझ्या काळजाचा ठोकाच चुकला! मागून कुणीतरी खाकरलं. मग त्याने घाम पुसला आणि नाव घेतलं..."

"कुणाचं?"

"कुर्तबायचं."

तनम मटकन खाली बसला. त्याने तोंड ओंजळीत लपवलं. त्याचे खांदे गदगदा हलायला लागले. शक्राने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिच्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

दारात पहारेकरी येऊन उभा राहिला. बिचारा पार ओशाळला होता.

"खाविंद, माफी असावी. नव्या सुलतानांनी शिक्क्याची अंगठी मागितलीय."

तनमने तोंडावरचे हात काढले. हसून हसून त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. त्याने दोऱ्यासकट अंगठी उपसली आणि पहारेकऱ्याच्या हातावर ठेवली.

"घे बाबा, लवकर ने. आणि कुर्तबायला सांग, आजपासून जेवण गार मिळेल."