जाते

बॅग उंबऱ्यापर्यंत आणली आणि सवयीनं तोंडातून निघालं, "येते, आई."

मी कायमची निघालेय हे सांगूनही नवऱ्यानं आत टीव्हीचा आवाज कमी केला नव्हता. सासूबाई मात्र दह्याची वाटी आणि माझी जुनी कादंबरी घेऊन दारात उभ्या होत्या.

त्या कादंबरीतली अंबू तीनदा घर सोडते. दर वेळी दारात "येते" म्हणते आणि चार दिवसांत परत येते. मीही दोनदा तश्शीच परत आले होते. दुसऱ्यांदा आले तेव्हा चिडून शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, "बये, एकदा तरी जाते म्हण!"

"शेवटचं पान बघ," सासूबाईंनी पुस्तक पुढे केलं.

माझ्या ओळीखाली त्यांचं तिरपं अक्षर होतं. "मीसुद्धा येतेच म्हणाले होते."

"पण आई, निघताना 'जाते' असं अशुभ बोलतात का?"

"अशुभ जे व्हायचं ते इथं राहून झालं." त्यांनी माझ्या तळहातावर दही ठेवलं. "म्हण."

"जाते."

छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. एरवी न चुकता "ये हो" म्हणणाऱ्या सासूबाई डोळे पुसत हसल्या.

"जा हो."