तीन नंबर

नागोरावनं तिसऱ्या प्लगची वायर उपटली आणि इंजिनाच्या आवाजात काडीचाही फरक पडला नाही. बाकीच्या तिन्ही वायरी एकेक करून उपटल्या तेव्हा गाडी प्रत्येक वेळी अडखळली होती. तिसरी उपटली काय अन् ठेवली काय, सारखंच. म्हणजे चार सिलिंडरांतलं तीन नंबर मेलं होतं. त्यानं प्लग बदलला. वायर तपासली. तीन नंबर मेलेलंच.

गाडी जुनी होती आणि राळेगावच्या सदाशिवराव वकिलांची होती. नागोराव अकरा वर्षांपासून तिचा ड्रायव्हर, आणि मिस्त्रीही तोच. दर दसऱ्याला गाडीची पूजा तो करी. यंदा दसऱ्याच्या दिवशी तो बायकोला, जयाला, घेऊन नागपूरला गेला आणि बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला. मागं पूजा वकिलांच्या पत्नीनं, इंदूबाईंनी केली. दुसऱ्या दिवसापासून गाडी खोकायला लागली. तेरा दिवसांत ती कळंबच्या रस्त्यावर चार वेळा धापा टाकत थांबली, आणि एकदा तर यवतमाळच्या कोर्टाच्या फाटकातच.

सदाशिवराव कोर्टात पुराव्याशिवाय बोलत नसत. घरी त्यांना पुरावा लागत नसे. सकाळीच त्यांनी निकाल दिला होता. देवी कोपली आहे, आणि कोणामुळं ते साऱ्या गावाला ठाऊक आहे. चार वाजेपर्यंत गाडी सुधारली तर ठीक. नाही तर नागोरावनं स्वतःच्या हातानं तिच्यापुढं नारळ फोडावा. तेही जमत नसेल तर चाबी ठेवावी आणि वकिलांनी दिलेली वाडीतली खोली रिकामी करावी.

खोलीची नागोरावला भीती होती. नारळाची त्याहून जास्त. यापुढं देवांची पूजा करणार नाही असं तो लाखो माणसांत म्हणाला होता, आणि जया शेजारी उभी राहून तेच म्हणत होती. पण सगळ्यांत मोठी भीती आणखी वेगळीच होती. ती त्यानं जयालाही सांगितली नव्हती. वकील म्हणतात तेच खरं निघालं तर?

एकच जागा तपासायची राहिली होती. प्लगांना करंट वाटून देणारी ती काळी टोपी. तिच्यातून पाच वायरी निघतात, म्हणून इंदूबाईंना तेच गाडीचं काळीज वाटलं. त्यांनी तिथं हळदकुंकवाचा जाड लेप दिला आणि वर नारळाचं पाणी सोडलं. नागोरावनं तो लेप पहिल्याच दिवशी पाहिला होता. तेरा दिवस त्यानं ती टोपी सोडून बाकी सगळं खोललं. कार्बोरेटर दोनदा. पेट्रोलची नळी तीनदा. मिस्त्री इतका मेहनती झाला की समजावं, तो कशाला तरी भिऊन आहे.

तीन वाजून गेले. कोणाची नजर नको म्हणून त्यानं शेडचं दार ओढून घेतलं. आत अंधारलं. इंजिन सुरूच होतं. तो टोपीवर वाकला, आणि कुंकवातून एक निळी ठिणगी सरपटत गेली.

तो मागं उडाला. डोकं बॉनेटवर आपटलं. ठिणगी पुन्हा गेली. पुन्हा. तोंडात आलेलं देवीचं नाव त्यानं दात आवळून आतच धरलं. दाराकडं पळावंसं वाटत होतं, पण कान जागचे हलेनात. अकरा वर्षांची सवय होती त्यांना, ते आपले मोजत होते. ठिणगी सरपटायची तेव्हाच गाडी खोकायची. दर वेळी. ती तीन नंबरच्या वायरीपाशी निघे, लेपावरून जाई आणि टोपीच्या लोखंडी पट्टीत शिरे. प्लगाचा करंट वाटेतच पळत होता.

आता कळलं. पण कळल्यानं भीती जात नाही, फक्त हात कुठं घालायचा ते ठरतं. त्यानं इंजिन बंद केलं. हात पुढं केला. दीक्षा घेतलेल्यानं वकिलाच्या घरचं कुंकू पुसलं, असं गावात झालं तर गोष्ट चाबीवर भागणार नव्हती. हात तसाच अधांतरी राहिला.

चार वाजता सदाशिवराव बाहेर आले तेव्हा गाडी अंगणात उभी होती, एकसुरात घुमत. इंदूबाई ओट्यावर होत्या. वकिलांनी गाडीच्या दारावर हात ठेवून जरा वेळ ऐकलं. चेहरा खुलला.

"फोडलाच ना शेवटी नारळ," ते म्हणाले.

गप्प बसणं पुरेसं होतं. गप्प बसलं की खोली राहत होती, नोकरी राहत होती, आणि नारळ फोडलाच नसल्यामुळं शब्दही राहत होता. नागोरावनं चाबी फिरवून इंजिन बंद केलं.

"नारळ नाही फोडला, साहेब. टोपीवरचं कुंकू मी पुसलं. त्याच्यातून करंट पळून राह्यला होता."

वकिलांचा दारावरचा हात चटका बसल्यासारखा मागं आला. त्यांनी गाडीकडं पाहिलं, मग रस्त्याकडं, मग शेजारच्या खिडक्यांकडं. साक्षीदारांना घाम फोडणारा त्यांचा आवाज पार खाली गेला.

"पुसतानी कोणी पाह्यलं तं नाही ना?"

"मी होती ना तिथं, दार लोटून आत आली होती," इंदूबाई म्हणाल्या. "अन् त्यानं नाही पुसलं. त्याचा हातच पुढं जाईना. मी लावलं होतं, मीच पुसलं."