दुसरी फेरी

वसतिगृहाच्या टाकीत कुजलेलं कबूतर सापडलं. शिपायाने ते काठीने काढून फेकलं, पण टाकी काही कोणी धुतली नाही. माझ्या खोलीतल्या दोघी उलट्या करून आडव्या झाल्या, तेव्हा आम्ही नर्सिंगच्या मुली प्राचार्यबाईंकडे गेलो. बाई म्हणाल्या, "असं भांडून काय होणार? गटचर्चेत घेऊ हा विषय."

आमच्या गटचर्चेत रंगीत टोप्या असतात. काळी टोपी घातलेलीने फक्त दोष सांगायचे, पिवळी घातलेलीने फक्त चांगलं बोलायचं. पहिल्या फेरीत काळी टोपी माझ्याकडे आली आणि मी नळातून पडणाऱ्या पिसांसकट सगळं बोलून मोकळी झाले. सगळ्यांत आधी टाळ्या बाईंनीच वाजवल्या.

दुसऱ्या फेरीत टोप्या बदलतात. मी नको म्हणत होते, तर बाई म्हणाल्या, "अगं, समोरच्याची बाजूही मांडता आली पाहिजे. मार्क आहेत त्याला." मग पिवळी टोपी घालून मी तेच पाणी किती स्वच्छ, किती गोड ते सांगितलं. बाई मोबाइलवर शूटिंग करत होत्या.

टाकी अजून तशीच आहे. आज सकाळी दात घासतानाही मला उमासे येत होते. दुपारी तपासणी समिती आली. प्रत्येकासमोर बाटलीबंद पाणी ठेवून बाईंनी प्रोजेक्टर सुरू केला.



पडद्यावर मी आमच्या पाण्याचं तोंडभरून कौतुक करत होते, आणि शूटिंग इतकं जवळून केलेलं होतं की माझ्या डोक्यावरची टोपी कुठे दिसतच नव्हती.