तोंड मावळतीला

भिमाजी गोसाव्याचं मढं डोलीत बसवून माणसं तळवड्याच्या राईत आली, तेव्हा दुर्गाबाई वाटेतच उभी. त्याच्या धाकट्या भावाची विधवा. इतकी वर्षं ह्या दिरासमोर तिचा पदर कपाळाखाली असायचा. आज नव्हता.

"काकू, बाजूला व्हा," हिंदुराव म्हणाला. हा भिमाजीचा लेक. पिंपरीच्या नव्या पेनिसिलिनच्या कारखान्यात लागलेला, तिथून तसाच सायकल हाणत आलेला.

"राई माझ्या वाटणीची हाय."

वाटणी भिमाजीनंच केली होती. विहिरीखालची काळी जमीन स्वतःला, नि ही जांभळा-करंजांची राई, घराण्याच्या समाध्यांसकट, धाकट्याला. वर हसलाही होता मेला.

"जागा देते," दुर्गाबाई म्हणाली. "पन ह्यांच्या पुढ्यात. नि तोंड मावळतीला."

सगळे चपापले. हे गोसावी आपला माणूस जाळत नाहीत, निजवतही नाहीत. मांडी घालून खड्ड्यात बसवतात, तोंड उगवतीला. तिचा नवराही तिथं तसाच बसलेला. त्याला नाग डसला तेव्हा ह्याच भिमाजीचे पाय धरून तिनं बैलगाडी मागितली होती. बैल दमलेत, म्हणाला. कसले दमलेत! गोठ्यात निवांत रवंथ करत होते.

"काकू, तोंड उगवतीला नसलं तर आबांना मुक्ती न्हाई."

"ठावं हाय. म्हनूनच."

"मेलेल्या माणसाशी कसलं वैर?"

"जित्या मानसाशी कुनी करू दिलं मला?"

हिंदुरावानं भावकीकडं पाहिलं. सगळे आपले झाडाच्या शेंड्याकडं बघतायत. ऊन चढत होतं, मढं फुगायला लागलं होतं. शेवटी त्यानं मान हलवली.

तिच्या नवऱ्याच्या समाधीपुढं खड्डा खणला. भिमाजीला आत उतरवलं, मावळतीकडं फिरवलं, रीतीप्रमाणं गळ्यापर्यंत मीठ भरलं. कुणीतरी त्याच्या तोंडावर भगवं फडकं टाकलं. दुर्गाबाईनं वाकून ते ओढून काढलं.

मग ती समाधीकडं वळली. नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नसतं. तो गेल्यावरही तिनं ते घेतलं नव्हतं. आज चारचौघांत घेतलं.

"ज्योतीराम," ती म्हणाली, "तुमचा थोरला आलाय. ईचारा त्याला."